जिन्याची जागा

सकाळी सव्वासहा वाजता गुणमालाने नव्या घराच्या आखणीतला जिना केरसुणीने पुसून टाकला.

दुधगावात मळ्याच्या कडेला तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, शांतिनाथ अण्णांचं, घर उभं राहणार होतं. आदल्या दिवशी हरिबा मिस्त्रीने चुन्याच्या फक्कीने जमिनीवर खोल्या आखल्या होत्या. आठला जेसीबी पाया खणायला येणार होता. एकदा खड्डे पडले की पुढे बदल नाही. नकाशा वास्तूवाल्याला तीनदा दाखवून झाला होता, मुहूर्तही निघाला होता. पण हे जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणारं, आणि त्याच्या स्वयंपाकघरातून मावळतीची बाजूच दिसत नव्हती. मध्ये जिना होता. चपाती तव्यावर टाकून दिवस किती उरला ते बघायला गुणमाला जुन्या घरात तीस वर्षं परसात पळत होती. महिनाभर तिने हे सांगून पाहिलं. "तुला नकाशा कळत न्हाई," एवढंच अण्णांचं उत्तर आलं. म्हणून आज तिने कागद सोडला आणि जमीन धरली.

सातला अण्णा आणि हरिबा आले. पुसलेल्या जिन्याच्या जागी बाज उभी केलेली, तिच्यावर चादर.

"वहिनी, ह्ये काय मांडलंय?" म्हणत हरिबा सरळ पुढे आला.

"भिंतीतनं आलास. मागं फिर, दारातनं ये."

हरिबा मागे गेला आणि दारातून आला. चपलाही बाहेर काढल्या.

अण्णांना तिने ओट्याच्या जागी उभं केलं. "मावळतीकडं बघा. काय दिसतंय?"

"बाज."

"त्यो तुमचा जिना."

"आगं, दिवस कवा मावळतो ते कॅलेंडरात छापलेलं असतंय की."

"उसाला पाणी पाजताना कॅलेंडर बघून घरला आलाय कवा? मी हाळी मारती, तवा येता."

हरिबाने हसू दाबलं. त्याने आणि गुणमालाने बाज उचलून उत्तरेच्या भिंतीला लावली.

"आता?"

अण्णांनी मान उंचावून पाहिलं. "उसाच्या वरचं समदं आभाळ दिसतंय." मग त्यांनी स्वतःच फक्की उचलली. "मग खिडकी हितं पायजे. आन् जरा खाली. जेवाय बसल्यावर दिसली पायजे."

"रेघ वाकडी आली," गुणमाला म्हणाली.

"पुस की मग!"

"अण्णा, जिना हलला म्हंजे कॉलम हलले," हरिबा म्हणाला. "त्ये माझ्या हातात न्हाई."

अण्णांनी नकाशा काढणाऱ्या इंजिनियरला फोन लावला. "खणू नका, येतो," तिकडून उत्तर आलं.

पावणेदहाला जेसीबी बांधावर उभा होता. इंजिनियर मिरजेहून निघाले होते. जिना हलवता येईल का, ते जागा बघूनच सांगणार होते. अण्णा तोवर स्वतःच केरसुणी घेऊन देवघराच्या रेघा पुसायला लागले होते.