हिमनदीवरच्या तीन शिट्ट्या

माझ्या एका आवाजावर बावीस गडी जागच्या जागी थांबतात, असा माझा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत दरारा आहे. आता खरं सांगून टाकते, थांबतात ते रेफ्रीला शिव्या घालायला. पण थांबतात की! मी पितळेची शिट्टी बोलतेय. पोटात बुचाची एक गोळी आणि गळ्यात काळी दोरी, एवढाच माझा संसार.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते विचारू नका, पाठीवरचा शिक्का झिजून गेलाय. पहिली पंचवीस वर्षं मी चंदगडकडच्या एका शाळेत पी.टी.च्या मास्तरांच्या गळ्यात काढली. एवढी वर्षं शाळेत, पण वर्गात एकदाही गेले नाही. म्हणून तर माझं शिक्षण असं अर्धवट, नुसतं 'सावधान-विश्राम'पर्यंतचं. तिथल्या पावसानं अंगावर हिरवी पुटं चढली. मास्तर रिटायर झाले आणि मी त्यांच्या पुतण्याकडे कोल्हापूरला आले.

हा पुतण्या म्हणजे आमचे दादा, पेठेतले फुटबॉलचे रेफ्री. मॅच खेळवणं सुटलं तरी मी त्यांच्या गळ्यात आणि पिवळं-लाल कार्ड खिशात, ते कायमचं. चहाच्या गाडीवर कुणी कप तोंडाला लावला की मागून मला फुंकायचे. निम्मा चहा शर्टावर! लग्नाच्या पंगतीत चौथी जिलेबी घेणाऱ्याला पिवळं कार्ड. मी पोटातल्या पोटात गोळी नाचवत हसायचे.

गेल्या जूनमध्ये पेठेतली सात माणसं अलास्काच्या क्रूझला निघाली. दादा, त्यांची बायको लीला, जुना गोलकीपर बाळासो, भूगोल शिकवून रिटायर झालेले धम्मपाल सर आणि जुन्या टीमचे तिघे गडी. बोटीवरच्या जेवणाच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्या एका गोऱ्या साहेबाला दादांनी पिवळं कार्ड दाखवलं. साहेब पोट धरून हसला. मला वाटलं, सगळं जग म्हणजे आपली पेठच आहे, जरा गार एवढंच.

पाचव्या दिवशी बोट बंदराला लागली. दिवसभरात हिमनदीवर चालून परत यायचं होतं. गाईड एक उंच पोरगी. तिनं आधी फॉर्म भरून घेतले. त्यात एक रकाना होता: काही झालं तर कुणाला कळवायचं? दादांनी तिथं समोरच्या पेठेच्या टीमच्या कॅप्टनचं नाव घातलं.

"त्येला लई आनंद हुईल," दादा म्हणाले.

सगळे हसले. पोरगी हसली नाही. तिनं ते कागद घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, भिजू नयेत म्हणून.

मग बुटांना लोखंडी काटे बांधले, डोक्यावर हेल्मेट आलं. पोरगीनं नियम सांगितला आणि धम्मपाल सरांनी तो मराठीत केला. "लाल झेंड्यांच्या बाहेर जायचं न्हाय. बाहेर वर नुसती बर्फाची साय हाय, खाली पोकळ. आणि तीन शिट्ट्या ऐकल्या की जिथं असशीला तिथं हुबं ऱ्हायाचं. पाऊल हलवायचं न्हाय."

"तीन वाजल्या की मॅच संपली!" दादा ओरडले. "नाचत मैदानात या!"

पुन्हा हशा. 

हिमनदी लांबून पांढरी दिसत होती. जवळ गेल्यावर ती निळी निघाली, मुका मार लागलेल्या अंगासारखी. पायाखालून पाणी धावत होतं, ऐकू यायचं, दिसायचं नाही. मध्येच खोल कुठंतरी कडाड् व्हायचं आणि पोरगी थांबून खाली बघायची. काल लावलेले झेंडे आज सकाळी सरकवावे लागले, असं ती सरांना म्हणाली. एका भेगेपाशी दादांनी गंमत म्हणून खडा टाकला. मी कान देऊन बसले. खडा पडल्याचा आवाज आलाच नाही. दादांनी मला शर्टाच्या आत, छातीशी सरकवलं. त्यांचं काळीज जोरात उडत होतं.

मागं वळून बघतात तर बाळासो झेंड्यांच्या बाहेर! वीसेक पावलांवर, गोलमध्ये उभा राहिल्यासारखे हात पसरून, फोटोसाठी. त्याच्या बुटांभोवतीचा बर्फ राखाडी होत चालला होता, ओल्या कागदासारखा. पोरगी बरीच पुढं होती.

"बाळ्या, मागं फिर!" दादा ओरडले. वाऱ्यानं शब्द उडवून नेले.

मग दादांनी मला तोंडात धरलं आणि मॅच खेळवणं सुटल्यापासून पहिल्यांदा चेष्टा न करता, सांगितलेल्या नियमाप्रमाणं वाजवलं. लांब. लांब. लांब.

पण पेठेत वाढलेलं माणूस तीन लांब शिट्ट्या ऐकून उभं राहतं होय?

"जिकलोऽऽ!" सगळ्यांत आधी लीला धावली, गुडघेदुखी विसरून, मोबाईल उंच धरून. तिच्या मागं तिघे गडी, बाळासोला खांद्यावर घ्यायला. धम्मपाल सर "थांबा, थांबा" करत राहिले. पाच माणसं त्या सायीवर, हसणारी. खाली बर्फ कण्हला. दादांचे दात माझ्या पितळेवर कडकड वाजत होते.

पुन्हा तीन वाजवून काय उपयोग? दादांनी एकच वाजवली. आखूड, तिखट, फाऊलची. आणि लाल कार्ड वर धरलं, बाळासोवर रोखून.

हसणं तुटलं. आमच्या गोलकीपरला रेड कार्ड? पाचही तोंडं फिरली आणि तरातरा रेफ्रीवर चालून आली, झेंड्यांच्या आत. सगळ्यांत मागं बाळासो, कानापर्यंत लाल होऊन.

"आरं पर फाऊल कुठाय, दादा? फाऊल दाखीव की!"

त्याचा दुसरा पाय झेंड्याच्या आत पडला आणि मागचा बर्फ खाली बसला. मोठा आवाजही झाला नाही. जिथं नाच व्हायचा होता तिथं निळं तोंड उघडं पडलं आणि त्यातून गार श्वास आला. सरांनी माणसं मोजली. सात. पोरगी धावत आली, तिनं पुन्हा मोजली. मग ती बर्फावर बसली.

आता मी दादांच्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला लटकते. माझी गोळी हिमनदीवरच्या गारठ्यानं तडकलीय. फुंकलं की आवाज नाही, नुसता वारा. चहाच्या गाडीवर लोक निवांत चहा पितात. दादांना माझी गोळी बदलून आणायची हौस आहे. तुमची ओळख असली तर एवढं सांगा त्यांना, नका बदलू म्हणावं. मला पुन्हा तसं वाजायचं नाही.

परवा घरी पावणे आले होते. दादांनी मला खिळ्यावरून काढलं आणि छाती फुगवून सांगितलं, "ह्या शिट्टीनं पाच माणसं वाचिवली बघा, पावणं. एका फुंकरीत!"

लीलानं चहाचा ट्रे खाली ठेवला. दादांकडं न बघता ती म्हणाली, "व्हय की. पर आमी तिकडं पळालो ते कुणाच्या शिट्टीनं, ते बी सांगा की पावण्यास्नी."