रडणारा पाइन

बाराच्या सुमारास ढग हटले, ऊन पडलं आणि आजोबा रडायला लागले.

आजोबा म्हणजे सोल्गोल गावच्या वेशीवरचा तीनशे वर्षांचा पाइन. हिवाळ्याआधीच त्याच्या सुया तांबूस पडल्या होत्या. आता, थंडी सरता सरता, त्याच्या कमरेला गुंडाळलेल्या पेंढ्याच्या चटईखालून सोनेरी थेंब ओघळत होते, आणि चार खोऱ्यांतली माणसं तळहातावर तळहात घासत त्याच्यापुढे वाकत होती. कुणी मुळांशी तांदळाची पांढरी दारू ओतत होतं. झाडाला दारू पाजायची इथली रीत जुनीच. नवा होता तो चोंगहाक बाबा.

"मेलेला कधी रडतो का? सात डोंगरांचं दव, नऊ झऱ्यांचं पाणी आणि माझा शंभर दिवसांचा उपास पाजलाय मी आजोबांना," बाबा म्हणाला. शंभर दिवसांच्या उपाशी माणसाच्या मानाने त्याची ढेरी चांगलीच बाळसेदार होती.

गर्दीच्या मागे जोमरे उभी होती. गावच्या वनराखणीची ती प्रमुख. पाइनच्या खोडात शिरून त्याचं पाणी तोडणारे सूत्रकृमी खोऱ्यात आल्यापासून, गेली दोन वर्षं, तिची माणसं डोंगर तुडवत होती. रोगट झाडाला लाल फीत बांधायची, तोडायचं, ताडपत्रीखाली धुरी द्यायची. लाकडाचा एक तुकडाही खिंडीपलीकडे जाऊ द्यायचा नाही. तरी तीन डोंगर गेले. उरला तो फक्त मागचा डोंगर. सोंगी अळंबी जिवंत पाइनच्या मुळांशीच उगवते, आणि सोल्गोलची चूल त्या अळंबीवर पेटते. तो डोंगर गेला की गाव उठलंच.

आजोबांच्या लाकडातही कृमी सापडले होते. खोडात वाढणारे भुंगेरे मे महिन्यात बाहेर पडतात आणि अंगावर कृमी घेऊन पुढच्या झाडावर बसतात, म्हणून त्याआधी झाड पाडायचं ठरलं होतं. पण बाबा आला आणि गावाने करवत अडवली. शिवाय बाबा आजोबांच्या मनगटाएवढ्या फांद्यांचे वीतभर तुकडे वाटत होता: आपापल्या डोंगरावरच्या पाइनखाली पुरा, तोही वाचेल. जोमरेने खिंडीत अडवलेलं लाकूड आता लोक देव म्हणून पदराखाली नेत होते.

ती ओरडली का नाही? कारण तीही हलली होती. रोगट पाइनला खाच मारली तर राळ येत नाही, हे तिनेच गावाला शिकवलं होतं. आणि इथे तर धार लागली होती. खरंच जगला असेल का? दोन रात्री तिला हाच प्रश्न छळत होता. कुणाला नको होतं ते?

तिसऱ्या दिवशी आभाळ भरलं. आजोबा रडले नाहीत. चौथ्या दिवशी ऊन पडलं, तसे रडले. भर दुपारी, तेही फक्त दक्षिणेकडून. जोमरे जवळ गेली आणि तिला मुंग्या दिसल्या. राळेत मुंगी चिकटून मरते. इथे त्या रांगेने जेवायला आल्या होत्या.

तिने एक थेंब बोटावर घेतला आणि चाटला. मग सरपंच पांग यांना म्हणाली, "सरपंच, जरा वाटीभर कोमट पाणी मागवा."

"देवाच्या अश्रूंची परीक्षा घेतेस, बाई?" बाबाने डोळे वटारले.

"राळ पाण्यात विरघळत नाही, बाबा. विरघळली नाही तर मी जन्मभर तुमचे पाय धुईन."

थेंब पाण्यात पडला आणि दिसेनासा झाला. सरपंच पांग यांनी वाटी तोंडाला लावली. "जवाची काकवी," ते हळूच म्हणाले. नव्या वर्षाला घराघरात आटवतात तीच.

जोमरेने चटई ओढली. खाली सलाइनच्या चार पिशव्या बांधल्या होत्या, काकवीने भरलेल्या, सुईने टोचलेल्या. थंडीत काकवी घट्ट राहते, उन्हात पातळ होऊन गळते. चमत्कार एवढाच. गर्दी पिशव्या बघत होती तोवर बाबाची गाडी खिंड चढून गेली.

दुसऱ्या दिवशी झाड पाडलं. पण वाटलेल्या तुकड्यांचं काय? वनराखणीची माणसं दारोदार फिरली. बरेच मिळाले. बाकीच्यांनी लाजेने हात वर केले, आमच्याकडे नव्हताच म्हणाले.

नऊ मेला जोमरेची चौऱ्याऐंशी वर्षांची सासू फडक्यात काहीतरी गुंडाळून तिच्यापुढे बसली. "सूनबाई, रागावू नकोस. मागच्या डोंगरावर पुरला होता. म्हटलं, तेवढा तरी आजोबा सांभाळतील."

मातीने माखलेल्या त्या तुकड्याला पेन्सिल जाईल एवढं गोल भोक होतं. भोक रिकामं होतं.

"यातलं कुठं गेलं गं?"

जोमरेने डोंगराकडे पाहिलं. ती रडली. म्हातारीला उत्तर मिळालं. ती काठी टेकत सरपंचांकडे गेली आणि गावाच्या भोंग्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, बोलली.

"मी जोमरेची सासू. मी फसले. माझ्या हाताने मी रोग डोंगरावर नेला. डोळ्यांनी बघितलं म्हणून खरं मानलं, चाखून बघायचं सुचलं नाही. तुमच्याकडे तुकडा असेल तर आज आणा. काही विचारायचं असेल तर सुनेला विचारा, देवाला नंतर विचारता येईल. लाजायला वेळ नाही, बाबांनो."

संध्याकाळपर्यंत अंगणात सात तुकडे आले. पाचांना भोक नव्हतं. उरलेले दोन कुठे पुरले होते ते विचारून घेऊन जोमरे लाल फिती शोधायला उठली.