मिठागरातला माणूस

चैत्राची सकाळ मिठागरावर उतरली ती शुभ्र, निर्मम, निःशब्द. उथळ पाण्याचे चौकोन आभाळ पिऊन निश्चल पडलेले. चौकोनांमधून काळ्या चिखलाचे बांध क्षितिजाकडे निघालेले. बांधांवर मिठाच्या राशी, धवल, तीक्ष्ण, उन्हाने धार लावल्यासारख्या.

आणि त्या शुभ्रतेच्या काठाशी दर्शना भोईर, गळ्यात कॅमेरा, डोळ्यांत संभ्रम.

छायाचित्रकलेच्या वर्गात ती वर्षभर रेषा शिकली होती, आकार शिकली होती, पोत आणि अवकाश शिकली होती. समोर तिचे वडील, हसुराम, लाकडी फळीने मीठ ओढत होते. चाळीस वर्षे ओढत होते. या मोसमानंतर मिठागर बंद होणार होते, आणि घरात त्यांचा कामावरचा एकही फोटो नव्हता.

तिने रेषा शोधल्या. सगळे बांध धावत धावत वडिलांपाशी मिळाले. चित्र देखणे झाले. इतके देखणे, की वडील त्यात तिळाएवढे उरले.

तिने आकार शोधले. मिठाची रास त्रिकोण झाली, वाकलेली पाठही त्रिकोण झाली, आणि पाठीतला माणूस कुठेतरी निसटला.

तिने पोत शोधला. भेगाळलेल्या टाचा, टाचांत रुतलेले स्फटिक. पण टाचांना चेहरा कुठून आणावा?

हसुराम बांधावर टेकले. तिने त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्रे दाखवली.

"बांध सरळ आलेत हां," ते कौतुकाने म्हणाले. "आनि मी कुठं हाय?"

"हे काय, बाबा. इथे."

"हा ठिपका?"

ते हसले. ती ओशाळली. "मग तुम्हाला कसा हवाय फोटो?"

"मला काय म्हाईत गो? काम करताना मी मला कवा बघितलाय?" क्षणभर ते स्वतःच गोंधळले. "तू डबा घेऊन यायचीस लहानपनी. तवा कसा दिसायचो तुला?"

कसा? दर्शनाला सांगता येईना. चेहरा आठवेना, रंग आठवेना. आठवली ती फक्त उंची. आभाळाला टेकलेले कुणीतरी, ऊन पाठीशी घेऊन तिच्याकडे चालत येणारे.

ती चिखलात बसली. मग चिखलात आडवी झाली. क्षितिज खाली सरकले, राशी चौकटीबाहेर ओघळल्या, रेषा विझल्या. उरले अफाट, रिकामे, पांढुरके आभाळ.

"या बाबा. चालत या."

ते आले. श्यामल, संथ, खांद्यावर फळी. चेहरा सावलीत बुडालेला. हे बरोबर की चूक? वर्गात काय म्हणतील? तिला कळेना. न कळतच तिने बटण दाबले.

हसुरामांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरून तो फोटो पाहिला. मग ओठ हलले.

"हा मी नाय गो," ते पुटपुटले. "हा माझा बाप हाय. मी डबा आनायचो तवा असाच यायचा."

दर्शनाने पडद्याकडे पाहिले, वडिलांकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे. आजोबांना तिने कधी पाहिलेच नव्हते. आपण कुणाला टिपले?

हसुरामांचा खरबरीत अंगठा काचेवरच्या त्या सावळ्या आकृतीवरून हळूहळू फिरला, आणि फिरून थांबला तिथे मिठाचा एक कण राहिला. लहानसा, लखलखता, ओला.