माझ्या हाताची मूठ

रोज संध्याकाळी शूटिंग रेंजवरून आली की मोहिनी टार्गेटची कार्डं माझ्यापुढे टाकायची. ही माझी नणंद, वय एकोणीस. एअर पिस्तूल माझं. लग्नाआधी त्याच्यावर मी जिल्ह्यात पहिली आले होते. आता मांडीवर सात महिन्यांची चिऊ.

"वहिनी, बघा ना. सगळे छर्रे डावीकडेच."

"सराव वाढव," मी म्हणायचे.

खरं कारण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पिस्तुलाची लाकडी मूठ मी कानशीने घासून माझ्या हाताच्या मापाची केली होती. मोहिनीचा पंजा रुंद. त्या मुठीत तिचा हात वळायचा आणि नेम सरकायचा. मी बोलले नाही. चार वाजता स्कूटीला किक मारून ती निघायची, मी दुपटी वाळत घालायचे. तिचा आवाज ऐकला की चिऊसुद्धा खिदळायची. तेही मला खुपायचं.

राज्याच्या स्पर्धेसाठी रविवारी निवड होती. शनिवारी सकाळी आमच्या कोचचा, गोरक्ष सरांचा फोन आला.

"भाग्यश्री, तू तरी सांग तिला. महिनाभर म्हणतोय, मूठ घासून घे. ऐकत नाही. म्हणते, वहिनींचा हात आहे तो, त्या परत खेळायला आल्या म्हणजे?"

म्हणजे रोज कार्ड टाकून ती मला विचारत होती, मूठ घासू का? आणि मी रोज नाही म्हणत होते.

चिऊ झोपल्यावर मी पिस्तूल काढलं, रिकामं आहे ना ते पाहिलं आणि पांढऱ्या भिंतीवर एकदाच रोखून धरलं. हात चपखल बसला. अजूनही. मग लाकडी मूठ पिस्तुलापासून सोडवली, देव्हाऱ्यातलं कुंकू कालवलं आणि मोहिनीला हाक मारली.

"तळहात पुढे कर."

"कशाला? वहिनी, राहू द्या. घासलेलं लाकूड परत येत नाही."

"ठाऊक आहे. घट्ट धर."

कुंकू लावलेल्या हाताने तिने मूठ आवळली. सोडली तेव्हा लाकडावर दोन ठिकाणी जास्त लाल उमटलं होतं. तिथेच हात अडत होता. पहिली कानस मीच फिरवली. भुसा माझ्या मांडीवर पडला.

रविवारी ती कार्ड घेऊन धावतच आली. मधल्या काळ्या गोलाची चाळण झाली होती. निवड झाली होती.

"छान," मी म्हटलं. मनापासून म्हटलं, जवळजवळ.

चिऊने झडप घालून कार्ड मुठीत चुरगाळलं. मी ते लगेच सोडवलं नाही.