पाडव्याला मांडलेला पाट

मी पाट आहे, बसायचा पाट. जे काही बोलतोय ते वैतागून बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर कोणी म्हणायला नको की लाकडाला एवढा राग कशाला.

माझा जन्म काशीतलाच. ढुंढिराजशास्त्र्यांनी मुलीच्या, मृणालिनीच्या, लग्नासाठी आम्हा दोन पाटांना सागवानातून करवून घेतलं. सुतार म्हणाला, "शास्त्रीजी, चौकी बना दें, बढ़िया रहेगी." शास्त्री म्हणाले, "नहीं भाई, पाट चाहिए. ज़मीन से चार अंगुल ऊपर, बस." एक पाट मुलीचा, दुसरा जावयाचा. जावयाच्या वाट्याला मी आलो. नशीब म्हणतात ते हेच.

जावई म्हणजे केयूर. घराणं काशीतलंच जुनं मराठी, आजोबा अहिल्याबाई घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगायचे. नातू मात्र पोलिसात गेला आणि आता इन्स्पेक्टर आहे. लग्नात तो माझ्यावर बसला, तेवढाच काय तो बसला. त्यानंतर पोलीस लाइनीतल्या क्वार्टरमध्ये मी भिंतीला टेकून उभा.

बनारसला 'सात वार, नौ त्योहार' असं म्हणतात. ते ऐकायला छान वाटतं, पण पोलिसाच्या बायकोला विचारा. लोकांचा सण तिथे नवऱ्याचा बंदोबस्त. श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र, देवदिवाळी, शिवाय दिल्ली-लखनौहून कोणी बडं माणूस यायचं असलं की आठवडाभर घरी पत्ता नाही. मृणालिनीनं काढलेली तिकिटं रद्द झाली, ती लग्नांना एकटी गेली आणि "साहब नहीं आए?" याला हसून उत्तर देत राहिली. शेजारीण हक्कानं येते, "भाभीजी, हमारी गाड़ी उठा ले गए, साहब से कह दीजिए ना." मृणालिनी म्हणते, "मिलेंगे तो कह दूँगी. मैं भी ढूँढ ही रही हूँ."

तर दिवाळीचा पाडवा. आपल्यात त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते. मृणालिनी पहाटे मला पुसते, भोवती रांगोळी काढते, समोर समई लावते. मग मी वाट बघतो. त्याच दिवशी काशीत अन्नकूट असतो, देवांपुढे पक्वान्नांचे डोंगर आणि देवळांपुढे ही गर्दी, आणि आमचे साहेब त्या गर्दीत. एका वर्षी तिनं माझ्यावर त्याची टोपी ठेवून ओवाळलं. एका वर्षी मोबाईल टेकवून ठेवला आणि त्यातल्या चेहऱ्याला ओवाळलं. चेहरा म्हणाला, "मृणाल, आवाज तुटतोय." मी पाट आहे, मोबाईलचा स्टँड नाही, हे कोणाला सांगू?

गेल्या वर्षी मात्र गोष्ट टोपीवर भागण्यासारखी नव्हती. मृणालिनी संस्कृत शिकवते. मुलगी वैदेही इंदूरला शिकायला गेली होती, आणि तिथल्याच एका शाळेनं मृणालिनीला बोलावलं. दोनदा तिचं नाही म्हणून झालं होतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी ती बहिणीशी, पद्माशी, फोनवर बोलत होती.

"उद्या हे येऊन पाटावर बसले, तर नाही कळवीन. नाही बसले, तर जाईन."

"अगं, मग भावजींना सांग ना तसं."

"सांगून बसवलं तर त्याला काय अर्थ आहे, पद्मे?"

हे ऐकून मला तडकायला झालं. एकाला बसायला वेळ नाही आणि दुसरीला सांगायला तोंड नाही. दोघांच्या मध्ये मी, आणि मला वाचा नाही.

पाडव्याला दुपारी जीप थांबली. केयूर आला, खरंच आला. कानाला फोन, डोळे तांबारलेले, मागे ड्रायव्हर मोहन. मृणालिनी स्वयंपाकघरात निरांजन लावत होती. मला वाटलं, जमलं. दोन पावलं आणि बसला.

पण मोहनच्या घरी त्या दिवशी गोवर्धनपूजा. त्यानं रांगोळी पाहिली, समई पाहिली, आणि भल्या मनानं साहेबांचं कोपर धरलं.

"साहब, बच के. पूजा का आसन है, पैर न लगे."

केयूर फोनवर "हाँ, बैरिकेडिंग बढ़ाओ" म्हणत होता. तसाच त्यानं पाय मागे घेतला, माझ्याकडे न बघता मान लववली, मला नमस्कार केला आणि वळसा घालून पलीकडे गेला. डायनिंग टेबलावरची एक करंजी उचलली, उभ्याउभ्या खाल्ली, पाणी प्यायला. "मृणाल, निघतो गं, गर्दी वाढलीये," असं आत ओरडला आणि गेलासुद्धा.

ती तबक घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. आधी ती हसली, खूप हसली. मग तबक खाली ठेवून माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि रडली. मला त्या नमस्काराची अजून चीड येते. मला देव कोणी करायला सांगितलं होतं?

संध्याकाळी पद्माचा फोन आला. "भांडलात का?"

"नाही गं. भांडायला तरी समोर बसावं लागतं."

तिनं इंदूरला होकार कळवल्याचं केयूरला कळलं, तेव्हा तो दारातूनच म्हणाला, "मला सांगायचं तरी."

"दरवर्षी पाट मांडते. ते सांगणंच होतं की," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. त्यानं थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती, असं मला आजही वाटतं. तो म्हणाला, "स्टेशनवर सोडायला येईन." आणि त्या दिवशीही बंदोबस्त लागला, सोडायला मोहनच गेला.

आता मृणालिनी इंदूरला आहे. तिथे तिला बरं वाटतं, फोनवर आवाजावरून कळतं. आणि केयूर आता माझ्यावर रोज बसतो. टेबल नको वाटतं म्हणे. ताटात खिचडी, समोर फोन, फोनमध्ये ती. वजन वाढलंय त्याचं, गुडघे वाजतात. तो वाईट माणूस नाही, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर तिनं कधीच नाद सोडला असता.

परवा तो तिला म्हणाला, "पाडव्याला ये ना इकडे. या वेळी नक्की बसतो." ती म्हणाली, "बघते." त्याला तेवढ्यानं बरं वाटलं. मला नाही वाटलं. बायकांचं 'बघते' मी या घरात पुष्कळ ऐकलंय.

अहो इन्स्पेक्टरसाहेब, मला बोलता येत असतं तर सांगितलं असतं. तिला बोलावू नका. रजा घ्या, मला आणि माझ्या जोडीदाराला चादरीत गुंडाळा आणि इंदूरच्या गाडीत चढवा. पाट कुठेही मांडता येतो. आजवर तिनं मांडला आणि तुम्ही आला नाहीत. या पाडव्याला तुम्ही मांडा, आणि ती शाळेतून येईपर्यंत वाट बघा.