गंगुबाईच्या जागेचा पाट

या, या! बसा म्हणालो असतो, पण माझ्यावर बसायचा मान एकाच घरचा. मी पाट बोलतोय, कळव्याच्या मासळी बाजारातला, अगदी दारातल्या मोक्याच्या जागेचा.

जन्म माझा खाडीतला. दामाजी कोळ्याची होडी मोडीत निघाली, तेव्हा तिच्या फळीला खाली दोन पट्ट्या ठोकून त्याने मला घडवलं आणि सुनेला, गंगुबाईला दिलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण धंदा असा शिकलो की गिऱ्हाइकाच्या चपलेवरून सांगेन, हा पापलेट नेणार की नुसता भाव विचारून पळणार!

आमच्या बाजाराचा एक नियम आहे. कोळीण आजारी पडो नाहीतर गावाला जावो, तिचा पाट जागेवर असेस्तोवर जागा तिची. पाट उचलला की जागा सुटली. कुठे लिहिलेलं नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. गंगुबाईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी एकटाच जागा राखत बसलो होतो.

आणि एक दिवस तिची नात संचिता आली. ठाण्याच्या कॉलेजात कॉमर्स शिकते, जोडीला जादा विषय घेतलाय 'कायदा आणि समाज'. त्या विषयाच्या मॅडमनी सांगितलेलं, कुठे लिहिलेला नाही तरी सगळे पाळतात असा नियम शोधून आणा. पोरीला मी दिसलो! मला काखोटीला मारून तिने थेट वर्गातल्या टेबलावर मांडलं. काय सांगू, काय त्या टाळ्या! दोघातिघांनी नाक धरलं, पण मी आपला खूश.

परतलो, तर आमच्या जागेवर बाजारातल्याच सरोजची टोपली.

"अगं सरोजमावशी, ही आजीची जागा ना!"

"पाट व्हता का हितं? तूच उचललास ना? मग सुटली."

पोरीचा चेहरा उतरला. ज्या नियमावर टाळ्या घेतल्या, त्याच नियमाने आजीची जागा गेली होती!

बाया गोळा झाल्या. संचिताने ओढणी खोचली. "जागा सोडायची तर बसणारीने सोडायची. आजीने कुठे सोडलीये? मी तर मासे विकतच नाही!"

सगळ्यांत जुनी शेवंती खुदकन हसली. "बोलतेस झकास गो! पण सरोजपन नियमानंच बसली. आता आयक. पाट तू उचललास, तर गंगू येईस्तोवर बसायचंपन तूच. रोज सकाळी. एक दिवस चुकलीस, की जागा सरोजची."

"मला कोलंबीपण सोलता येत नाही..."

"मी शिकवीन," सरोज टोपली सरकवत म्हणाली. "पन चुकलीस तर सोडनार नाय हां!"

पोरगी चुकली नाही. आधी बोट कापून घेतलं, मग हाळी घालायला लाजली, आणि आता अशी ओरडते की पुढच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळतं. वर शेवंतीला विचारते, "असा निवाडा आधी कधी झालेला?" जुने किस्से ऐकताना तिचे डोळे लकाकतात.

काल तिचा अख्खा वर्ग बाजार बघायला आला. संचिता बर्फ आणायला उठलेली. गर्दीत वाट करायला मॅडम वाकल्या आणि मला जरासं बाजूला सरकवू लागल्या.

"हात लावू नका!"

सगळा बाजार ओरडला. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? बर्फ टाकून धावत आलेल्या संचिताचा!

तर या कधी कळव्याला. हवं तेवढं बघा, फक्त मला हलवू नका. गंगुबाई काठी टेकत येईल, तेव्हा मला इथेच सापडायचंय.