चिंधीचं खाकरणं

आमची चिंधी खोकली की घरात माणूस येतं. नक्की येतं. आधी ती खोकते, मग दाराची कडी वाजते. उलटं कधी होत नाही.

चिंधी म्हणजे माझी मांजर. मी घरी ब्लाउज शिवते, आणि ही मला कातरणांच्या पोत्यात सापडली, म्हणून चिंधी. अंगाने मूठभर आणि नखरे मात्र राणीसाहेबांचे. तिची खोकायची तऱ्हा ठरलेली आहे. पोट फरशीला टेकवायचं, मान लांब करून पुढे ताणायची, आणि मग ढास. केसांचा गोळा ओकेल म्हणून सुरुवातीला मी जुना पेपर घेऊन तिच्या मागे धावायचे. गोळाबिळा काही पडला नाही. वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या तिकडे मिरजेला असतात, मी कोल्हापुरात. गुडघ्यांनी त्यांना असं धरलंय की अंगणात यायचं तरी सुनेचा हात लागतो. त्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर दारात उभ्या होत्या. एका हातात लसणाचा गड्डा, अर्धा सोललेला.

"आत्ता कोण खाकरलं गं?" त्यांनी विचारलं.

"चिंधी."

"काहीतरीच काय! हा आमच्या सदाचा खोकला आहे."

आणि आत येऊन, पंख्याखाली बसून उरलेला लसूण सोलायला लागल्या. मला ते आधीच कळलं होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर अंगावर सर्रकन काटा आला.

आमचे हे स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा खाकरायचे. सासऱ्यांची सवय. पुरुषमाणूस आत येतंय, बायकांनी पदर सावरावा, म्हणून उंबऱ्याबाहेर चप्पल काढायची आणि खाकरायचं. आत कोण, तर मी एकटी, गाऊनवर, तोंडात टाचण्या धरून बसलेली. मी ओरडायचे, "अहो, या की आत, कुणासाठी खाकरताय!" तरी खाकरायचे. पोट टेकवून खोकणारी ही टीचभर मांजरी हुबेहूब तसंच खाकरते, शेवटी बारीकसा 'हं' सुद्धा येतो.

ते एका सकाळी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेले. थोड्या वेळाने लोक सांगत आले की गिरणीच्या बाकावरच बसल्या बसल्या गेले. मी सगळं केलं. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, कशात कसूर ठेवली नाही. पण डबा काही परत आला नाही. गिरणीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काकू, दळण झालं तेव्हाच तुमच्याच माणसानं नेला की." आता नेला म्हटल्यावर तो माणूस कुठेतरी डबा घेऊन चालतोय, आणि चालतोय म्हणजे घरी येणार. यात मला तरी काही चुकीचं दिसत नाही.

वन्सं आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी चिंधी खोकली आणि विजेचं मीटर बघणारा आला. त्याला चहा दिला. तो बसला. पुढच्या ढाशीला दामूअण्णा आले, माझे अस्तराच्या कापडाचे दुकानदार. दामूअण्णा वारून दोन दिवाळ्या झाल्या. बगलेत पांढऱ्या अस्तराचा तागा होता.

"वहिनी, रंग जरा मळकट निघालाय, चालवून घ्या," ते म्हणाले.

मी तागा घेतला. दामूअण्णा येऊ शकतात! मग हे का नाही? त्या दिवसापासून मी चिंधीच्या नरड्याकडेच डोळे लावून बसले. खोटं कशाला बोलू, तिने खोकावं असं मला वाटायचं. ती खोकली की मी मशीन टाकून दाराकडे धावायचे आणि दारात भलताच कुणीतरी असायचा. भाचीच्या लग्नातला सनईवाला. कधीतरी बसमध्ये शेजारी बसलेली एक बाई. सगळे चप्पल काढून आत येत आणि बसत. परत कुणी जात नव्हतं. आत यायला खोकला लागतो हे सगळ्यांना समजलं होतं, बाहेर जायला काय लागतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी दार सताड उघडं ठेवून बघितलं. जिना रिकामा. वन्संनी स्वतः खोकून बघितलं, चांगलं डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कुणी आलं नाही.

"माणसाच्या खोकल्याला कोण कुत्रं विचारतंय," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

घर भरत चाललं. सनईवाला कपाटाच्या खालच्या कप्प्यात बसायचा, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. मीटरवाला माझ्या मशीनच्या पायडलवर. मला शिवायचं झालं तर त्याला आधी पाय उचला म्हणावं लागायचं. चपलांचा ढीग दाराच्या अर्ध्यापर्यंत आला. चहाचं आधण सकाळपासून उतरतच नव्हतं. आणि चिंधी वाळत चालली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. खोकून झालं की तोंड उघडं ठेवून धापा टाकायची आणि माझ्याकडे बघायची. मी नजर चुकवायचे.

"ओव्याची धुरी दे तिला," वन्सं म्हणाल्या.

"ज्येष्ठमध उगाळा, वहिनी," दामूअण्णा म्हणाले.

धुरी दिली. त्याने चिंधीला अशी ढास लागली की संपेचना. आणि त्या ढाशीने डॉक्टर आले. गुरांचे डॉक्टर खोत, आमच्याच गल्लीच्या टोकाला बसतात. हातात बॅग, एका पायात बूट, दुसरा काढत होते.

"ओव्याचा धूर कुणी केलाय?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

वन्सं लसूण सोलत राहिल्या.

डॉक्टरांनी चिंधीच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "हा दमा आहे, काकू. मांजरांनाही होतो. धूर नको, उदबत्ती नको, धूळ तर अजिबात नको. कापडाचे बारीक तंतू, पावडर, पीठ, असलं काही तिच्या नाकाशी जायला नको. हा पंप घ्या, लहान मुलांना देतात तसाच. तोंडावर हा मुखवटा धरायचा, दाबायचा, तिला सावकाश श्वास घेऊ द्यायचा. खोकला थांबेल."

"थांबेल?" वन्सं म्हणाल्या.

"थांबायलाच हवा. आता अजून एक मोठी ढास लागली, तर मी काही सांगू शकत नाही."

खोलीत चुळबूळ सुरू झाली. कपाटातून सनईवाल्याने डोकं बाहेर काढलं. वन्संनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांना लसणाचा वास होता.

"प्रमिला, एकदाच. अजून एकदाच खोकू दे तिला. इतकी माणसं आली, आता त्याचाच नंबर असेल बघ."

"वन्सं, ती मरेल."

"तो माझा पाठचा भाऊ आहे गं. शेवटचं तोंडसुद्धा बघितलं नाही मी त्याचं. मिरजेहून यायची बस चुकली."

मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं, कारण माझ्या मनात तेच होतं. चिंधी माझ्या मांडीवर होती. तिची जीभ निळसर पडली होती. इवलंसं पोट वर-खाली, वर-खाली. या घरात इतके दिवस माझ्याशी बोलणारी ही एकटीच होती. मी बडबडायचे, ती कान हलवायची. बास. मी मुखवटा तिच्या तोंडावर धरला आणि पंप दाबला.

हळूहळू चिंधीची धाप बसली. जीभ गुलाबी झाली. पुढचे पाय पोटाखाली घेऊन ती माझ्या मांडीवर झोपली, आणि छातीतून घुर्र-घुर्र सुरू झाली, सुखाची. किती दिवसांनी ऐकली मी ती! वन्संनी तोंड भिंतीकडे केलं.

तेवढ्यात दाराबाहेर डबा ठेवल्याचा आवाज आला.

आमचा डबा पत्र्याचा, बुडाला पोचा आहे. टेकवला की आधी 'टण' वाजतो आणि मग जरासा डुगडुगतो. तो डुगडुगला. मग चपला काढल्याचा आवाज. आधी उजवी, मग डावी. मग काहीच नाही.

"सदा!" वन्सं ओरडल्या. "अरे, ये की आत!"

बाहेर कुणी हललं नाही. ते खाकरल्याशिवाय आत येणार नाहीत, हे मला त्या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. आणि खाकरणार कशाने? त्यांचं खाकरणं आत होतं, माझ्या मांडीवर, झोपलेलं. मी चिंधीला अलगद डॉक्टरांच्या मांडीवर दिलं, चपलांचा ढीग हाताने बाजूला लोटला आणि दार उघडलं. जिना रिकामा. डबाही नाही. दार लावलं, तर बाहेर डबा पुन्हा जरा सरकला, दुखणारा हात बदलून उचलावा तसा.

"अहो," मी दाराला तोंड लावून म्हटलं, "मी आहे. या ना. मी पदर घेतलाय."

बाहेर नुसता श्वास ऐकू आला. थकलेला. किती लांबून चालत आले असतील, आणि तेही ओझं घेऊन.

मग दाराखालच्या फटीतून पीठ आत यायला लागलं. आधी एक बारीक पांढरी रेघ, मग ती रुंद झाली. डब्याचं झाकण कधीच नीट बसत नव्हतं, मी किती वेळा म्हटलं होतं नवीन आणा म्हणून. पंख्याच्या वाऱ्याने पीठ उडायला लागलं.

"पंखा बंद करा!" डॉक्टर ओरडले. "काकू, ती फट बुजवा आधी! ओलं फडकं लावा!"

"हात लावशील तर खबरदार, प्रमिला," वन्सं म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, अगदी हळू म्हणाल्या.

पंख्याचं बटण सनईवाल्याच्या कपाटामागे होतं, तिथवर कुणाचाच हात पोचत नव्हता. दामूअण्णांनी पांढऱ्या अस्तराचा तुकडा तांब्यात बुडवून माझ्या हातात दिला. मी उंबऱ्याशी गुडघे टेकून बसले. फडक्यातून पाणी गळत होतं. मला दोघंही हवी होती, देवा, दोघंही.

पीठ माझ्या बोटांना लागलं. गरम होतं, आत्ता जात्यातून पडल्यासारखं. मागे घुर्र-घुर्र थांबली. मी वळून बघितलं. चिंधी डॉक्टरांच्या मांडीवरून खाली उतरली होती. तिने पोट फरशीला टेकवलं आणि मान लांब केली.